वाफेच्या यॉटचे मॉडेल बांधताना: आराखड्यापासून तळ्यापर्यंत

जानेवारी १९०० मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोक गोदीत ब्रिटिश राजघराण्याची नवी यॉट 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' तयार होत होती. सुक्या गोदीत पाणी सोडले आणि ती तरंगताच एका कुशीवर कलली. आराखडा सर विल्यम व्हाइट यांचा होता आणि आरमाराची मोठमोठी जहाजे त्यांच्या हाताखालून गेली होती. तरीही डेकच्या वर ठरल्यापेक्षा जास्त वजन चढत गेले आणि ते कोणाच्या हिशेबात वेळेवर आले नाही. पुढे दुरुस्त्या होऊन ती १९०१ मध्ये सेवेत आली आणि अनेक वर्षे चालली.

नवशिक्याचे पहिले मॉडेलही नेमके याच कारणाने कलते. स्टीम यॉट अरुंद असते, तिचे धुराडे उंच, डोलकाठ्या त्याहून उंच आणि डेकवर लाकडी घरांची रांग. त्यामुळे हा लेख सुतारकामाबद्दल जितका आहे तितकाच वजनाबद्दलही आहे. स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आजच हत्यारांच्या पेटीत ठेवा. मोठ्या वस्तूंसाठी हातात धरायचा स्प्रिंगचा काटा पुरतो.

कोणती यॉट, केवढी

या यॉटचा बहराचा काळ साधारण १८८० ते १९३०. ग्लासगोत जॉर्ज लेनॉक्स वॉटसन यांनी १८७३ मध्ये यॉटच्या आराखड्यांचे स्वतंत्र कार्यालय काढले आणि क्लाइड नदीकाठच्या गोद्यांमधून त्या घडणीची एकाहून एक जहाजे उतरली. १९३० ची 'नाहलिन' ही जवळजवळ ३०० फुटी यॉट वॉटसन कार्यालयाच्याच आराखड्यावर जॉन ब्राउनच्या गोदीत झाली. तिची मालकीण लेडी यूल. कलकत्त्याच्या ताग-चहाच्या व्यापारात उभी राहिलेली संपत्ती त्यामागे होती. नाहलिन देखणी आहे, पण पहिल्या मॉडेलसाठी घेऊ नका. तिच्यावरच्या होड्या, व्हेंटिलेटर आणि खिडक्या करण्यातच २ वर्षे जातील.

पहिल्यासाठी १०० ते १५० फुटांची, एका धुराड्याची, एका पंख्याची (पाण्याखाली फिरून जहाज ढकलणाऱ्या प्रॉपेलरची) यॉट बरी. 'मेडिया' हे चांगले उदाहरण. ती १९०४ मध्ये ग्लासगोच्या लिंटहाउस भागातल्या अलेक्झांडर स्टीफनच्या गोदीत अवघ्या ५१ दिवसांत बांधली गेली आणि आज सॅन दिएगोच्या सागरी संग्रहालयात आहे. पोलादी अंग, सागवानी डेकघर, सुमारे १४० फूट लांबी आणि रुंदी १७ फुटांच्या आत. म्हणजे लांबी रुंदीच्या आठपटीहून जास्त. जहाज अजून तरंगते आहे, त्यामुळे प्रत्येक कोनातून काढलेली छायाचित्रे मिळतात, आणि जुन्या धूसर फोटोंवर विसंबण्यापेक्षा हे फार मोलाचे. पुढचे सगळे आकडे याच बेताच्या यॉटचे आहेत.

आता प्रमाण. लांबी प्रमाणात बदलते, पण वजन त्याच्या घनाने बदलते. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. १:४८ ला (म्हणजे मॉडेलचा १ सेंमी हा जहाजाचे ४८ सेंमी) मॉडेल ८९ सेंमी लांब होते, पण पाण्यात ते जेमतेम १.८ किलो पेलते. मोटर आणि बॅटरी टाकली की डेकवरच्या कामाला काहीच उरत नाही. १:३२ ला लांबी १३३ सेंमी आणि वजन ६ किलोच्या थोडे वर. १:२४ ला १७८ सेंमी आणि जवळजवळ १५ किलो. ते एकट्याला उचलून तळ्याच्या पायऱ्या उतरवत नाही. पाण्यावर चालवायचे असेल तर १:३२ घ्या. नुसते काचपेटीत ठेवायचे असेल तर १:४८ किंवा १:९६ मध्येही सुंदर काम होते.

आराखडा हाती आला की

तुम्हाला तीन चित्रे लागतात: बाजूने दिसणारे, वरून दिसणारे आणि आडव्या छेदांचे. फक्त बाजूचे चित्र असलेला आराखडा घेऊ नका. छेदांशिवाय अंगाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या कापता येत नाहीत.

झेरॉक्सच्या दुकानातून मोठे करून आणलेले चित्र आधी मोजा. मोठ्या छपाईत लांबीकडे आणि रुंदीकडे वेगवेगळा फरक पडतो, १ टक्का इकडे तिकडे सहज होते. १३३ सेंमीवर १ टक्का म्हणजे १३ मिलीमीटर. चित्रावरची मापपट्टी दोन्ही दिशांनी पट्टीने तपासा आणि सगळी पाने एकाच यंत्रावर, एकाच दिवशी छापून घ्या.

मग पाण्यात किती वजन मावेल ते काढा. पाणरेषेवरची (तरंगताना पाणी जिथवर येते त्या रेषेवरची) लांबी, रुंदी आणि पाण्याखालची खोली सेंमीमध्ये घेऊन गुणा आणि त्याला ०.४५ ने गुणा. अशा सडपातळ अंगाला हा गुणक जवळपास बरोबर बसतो. ११५ × १६ × ७.५ × ०.४५ म्हणजे सुमारे ६,२०० ग्रॅम. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तयार मॉडेलचे सगळे मिळून वजन एवढेच असले पाहिजे. १२५ ग्रॅम जास्त झाले की ते साधारण १ मिमी जास्त बुडते.

त्याच पानावर वाटणी लिहा: अंग १,६०० ग्रॅम, डेक आणि त्यावरची घरे ५००, डोलकाठ्या आणि दोर १५०, मोटर, शाफ्ट आणि पंखा ४००, ६ व्होल्टची ४.५ अँपिअर-तासाची बॅटरी ७८०, रेडिओने चालवायचा रिसीव्हर, सुकाणू फिरवणारा सर्व्हो आणि तारा १००. बेरीज ३,५३०. उरलेले सुमारे २,६५० ग्रॅम शिसे म्हणून तळाशी जाईल. हे शिसे वाया गेलेले वजन नव्हे, तेच मॉडेलला सरळ उभे ठेवते. वरच्या कामात वाढलेला प्रत्येक ग्रॅम या शिशातून कापला जातो, म्हणजे तोटा दोन्हीकडून.

फासळ्या आणि बैठक

मॉडेल उलटे, डेक खाली करून बांधायचे. त्यासाठी १५० × २५ सेंमीची, १९ मिमी जाड ब्लॉकबोर्डची बैठक घ्या. तिच्यावर मधोमध सरळ रेष मारा आणि दोरा ताणून ती तपासा. बैठक पिळलेली असेल तर मॉडेलही पिळलेले निघेल आणि तो पीळ नंतर कशानेही जात नाही.

फासळ्या ४ मिमी प्लायच्या, पाण्याला टिकणाऱ्या बीडब्ल्यूपी प्रतीच्या. १४-१५ फासळ्या पुरतात. मधल्या भागात ९ सेंमी अंतर, नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) आणि मागे ५ सेंमी, कारण तिथे वळण झपाट्याने बदलते. तळाशी लांबीभर जाणारा कणा ६ मिमी प्लायचा.

छेदाच्या चित्रात जी रेष असते ती जहाजाची बाहेरची कड. तुम्ही वर ३ मिमीच्या पट्ट्या लावणार आहात, म्हणून प्रत्येक फासळी त्या रेषेच्या ३ मिमी आत कापायची. हे विसरले की मॉडेल ६ मिमी रुंद होते आणि यॉटची होते मालवाहू बोट. टोकांच्या फासळ्यांवर पट्टी तिरकी बसते, तिथे आणखी अर्धा-पाऊण मिमी आत जावे लागते.

प्रत्येक फासळीला वरच्या बाजूला पाय ठेवून कापा. पायांची उंची अशी की ते बैठकीवर टेकले की सगळ्या फासळ्यांच्या पाणरेषा एकाच पातळीत येतील. फासळीवर पाणरेष पेन्सिलीने आधीच मारून ठेवा आणि उभ्या केल्यावर गुण्या आणि पाणसळ लावून तपासा. फासळ्यांच्या मधोमध हलकेपणासाठी खिडकी कापा, कडेला १५ मिमी लाकूड राहू द्या.

आता डेकची कड धरून ५ × २.५ मिमीच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवत नाळेपासून मागच्या टोकापर्यंत न्या. डेकची बाजूने दिसणारी ही वक्र रेष म्हणजे शीयर. यॉटचे सगळे सौंदर्य या एका रेषेत असते. नाळेकडे उंच चढते, मध्याच्या थोडे मागे सगळ्यात खाली येते आणि मागे पुन्हा हलके उचलते. मिलीमीटरचा खळगा पट्टीने मोजून सापडत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, एक डोळा मिटा आणि रेषेच्या लांबीकडून पाहा. कुठे फुगवटा वा खोबण दिसली तर त्या फासळीवर कागदाची चकती चढवा किंवा कानस फिरवा. इथे दोन संध्याकाळी गेल्या तरी जाऊ द्या. बाकीच्या चुका रंगाखाली, दोरांमागे लपतात. ही लपत नाही.

शाफ्टची नळी पट्ट्यांच्या आधी

८ मिमी बाहेरील व्यासाची पितळी नळी, आत ४ मिमी स्टीलचा शाफ्ट, दोन्ही टोकांना शाफ्ट ज्यात फिरतो ते ब्रॉन्झचे बुश, लांबी साधारण २५ सेंमी. कण्यात तिची खाच आधीच कापून ठेवा. नळीचा कल ५ अंशांच्या आत ठेवा. जास्त कल दिला तर पंखा पाणी खाली ढकलतो आणि मॉडेलचे मागचे टोक उचलले जाते. मोटरची बैठक याच वेळी बसवा. शाफ्ट आणि मोटर एका रेषेत आहेत का हे तपासायला कपलिंगच्या जागी घट्ट बसणारी नळी घालून हाताने फिरवा. कुठेही अडखळता कामा नये. अंग बंद झाल्यावर हा दोष काढायला हात आत जात नाही.

पट्ट्या

खऱ्या यॉटचे अंग बहुधा पोलादी पत्र्याचे, म्हणून पट्ट्यांचे सांधे शेवटी दिसणार नाहीत. स्वस्त आणि मऊ लाकूड चालते: ३ मिमी जाड, ८-१० मिमी रुंद बाल्सा. बाल्सा महाग वाटत असेल तर शिवणीचे लाकूड सुताराकडून ३ मिमीला रंधून घ्या, पण अंगाचे वजन वाढेल ते वहीत धरा. सागवान इथे वापरू नका. जड आहे आणि तेलकट असल्याने गोंद नीट धरत नाही.

गोंद पाण्याला टिकणारा, फेविकॉलचा मरीन प्रकार चालतो. पहिली पट्टी डेकच्या कडेला, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. एका बाजूला ओळीने चार-पाच लावल्या तर गोंद सुकताना त्या ओढ घेतात आणि मॉडेल केळ्यासारखे वाकते. नाळेकडे पट्ट्या निमुळत्या कराव्या लागतात, कारण तिथे फासळीचा घेर कमी असतो. पट्टी जबरदस्तीने कडेवर वाकवू नका. ती वर उचलते, आणि मग पायऱ्या-पायऱ्यांचे अंग घासून सपाट करता करता जाडी १ मिमीवर येते.

मागचा भाग, पाण्यावर लांब झुकलेला काउंटर, पट्ट्यांनी करायला अवघड. तो बाल्साच्या ठोकळ्यातून कोरा. पांगाऱ्याचे लाकूड मिळाले तर तेही हलके आणि कोरायला गोड. पुठ्ठ्याचे छेदसाचे कापून दर २ सेंमीवर लावत जा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते हाताने चाचपून पाहा; तळहाताला जे कळते ते डोळ्याला दिसत नाही.

कापड आणि इपॉक्सी

घासून झालेल्या अंगावर १०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचे फायबरग्लास कापड, त्यावर पातळ इपॉक्सी. पाव किलोचा संच पुरून उरतो. राळ आणि कठीणक (हार्डनर) वजनाने मोजा, अंदाजाने नाही. एप्रिल-मेच्या ३५ अंशांत १०० ग्रॅम मिश्रण भांड्यात १० मिनिटांत तापून दगड होते, म्हणून एका वेळी ३०-४० ग्रॅम आणि तेही पसरट ताटलीत. पावसाळ्यात वेगळाच त्रास होतो. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो पाण्याने आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीने आधी धुऊन काढा. त्यावरच पॉलिश पेपर मारला तर थर आत रगडला जातो आणि रंग पुढे सालीसारखा सुटतो.

आतूनही पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या, फासळ्यांच्या कोपऱ्यांसकट. लाकूड आतून पाणी प्यायले तर एका मोसमात १०० ग्रॅम वजन वाढते आणि बाहेरचा रंग फुटतो. हे झाल्यावरच बैठकीवरून सोडवा, पाय कापा आणि वजन करा. १,६०० च्या आत असेल तर उत्तम.

वीज की खरी वाफ

पहिले मॉडेल विजेवर चालवा. वाफेचे यंत्र दुसऱ्यासाठी ठेवा आणि तेही १:२४ मध्ये.

विजेसाठी आधी वेग ठरवा. खरा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने भागायचा. १० नॉट म्हणजे ताशी १८.५ किमी, ३२ चे वर्गमूळ ५.६६, उत्तर ताशी ३.३ किमी. म्हणजे काठावरून रमत चालणाऱ्या माणसाबरोबर मॉडेल चालले पाहिजे. त्याहून जोरात पळवले की नाळेवर फेसाचा डोंगर उठतो आणि यॉटची स्पीडबोट होते. या वेगाला ५५ मिमी व्यासाचा, ६० मिमी पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचे अंतर) पंखा मिनिटाला सुमारे १,४०० फेऱ्यांनी फिरावा लागतो. १२ व्होल्टची, बिनभाराने ७,००० च्या आसपास फिरणारी ५५५ आकाराची मोटर ६ व्होल्टवर चालवा आणि २:१ चा दातेरी पट्टा लावा, जवळजवळ तेवढेच येते. आवाजही कमी राहतो. बॅटरीच्या तारेत ५ अँपिअरचा फ्यूज घाला. पंख्यात दोरा अडकला की मोटर थांबते आणि तारा तापतात.

खऱ्या वाफेचा मोह होणाऱ्यांसाठी एवढे नक्की सांगायला हवे. बॉयलर तांब्याचा, चांदीच्या झाळणीचा. कथलाची झाळणी अजिबात नको, ती उष्णतेने वितळते. बॉयलरला नळ्या जोडायचे बुश ब्रॉन्झचे असावेत. पितळातले जस्त गरम पाण्यात निघून जाते आणि धातू ठिसूळ होतो. नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाला पाण्याने, थंड असताना तपासलेला हवा: ३ बारचा असेल तर ६ बार. स्वतः बनवू नका, तपासणीच्या कागदासह विकत घ्या. बोअरचे पाणी घालू नका, क्षार साचतात. गाळलेले पावसाचे पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर चालते.

गॅसची टाकी एवढीच हवी की पाणी संपण्याच्या बरेच आधी गॅस संपेल. हा क्रम उलटला तर कोरडा बॉयलर तापतो आणि झाळणी सुटते. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर अंगाच्या तळाशी साचून राहतो. म्हणून प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासा, बर्नर पेटवताना डेकघर काढलेले ठेवा आणि दोन मिनिटे हवा खेळू द्या. सिलिंडरला ४६० प्रतीचे स्टीम ऑइल ल्युब्रिकेटरमधून (वाफेत तेल सोडणाऱ्या डबीतून) द्या. साधे इंजिन ऑइल वाफेत धुऊन जाते. बाहेर पडणारी वाफ तेल वेगळे करणाऱ्या डब्यातून न्या, नाहीतर ते तेल डेकवर आणि तळ्यात जाते. अर्धा लिटर पाण्याचा आडवा बॉयलर आणि १०-१२ मिमी बोअरचे दोन सिलिंडरचे इंजिन २० मिनिटांच्या आसपास चालते. एवढ्या वेळेचा घाट घालायचा की नाही ते तुम्हीच ठरवा. वाफेचा तो मंद ठेका ऐकला की बहुतेक लोक हो म्हणतात.

डेक

डेक सपाट नसतो, मधे उंच असतो. रुंदीच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका, म्हणजे १६ सेंमीला ३ मिमी. आडव्या तुळया त्या वळणाने कापा, त्यावर १.५ मिमी प्लाय आणि त्यावर ०.६ मिमी जाड, ३ मिमी रुंद पट्ट्या. खऱ्या फळ्या ३-४ इंची असत, त्यामुळे ३ मिमीपेक्षा रुंद पट्टी लावली की डोळा लगेच खटकतो. एका पट्टीची लांबी २० सेंमीच्या आसपास, आणि शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नका. काळी फट दाखवायला पट्टीच्या एकाच कडेला काळा कागद चिकटवा. मार्कर वापरू नका, वार्निशखाली त्याची शाई लाकडात पसरते. यॉटच्या डेकची खूण अशी की फळ्या सरळ न जाता अंगाच्या कडेला समांतर वळतात आणि मधल्या रुंद फळीत खाचा करून बसतात. वेळखाऊ काम आहे. पण सरळ फळ्यांचा डेक मालवाहू जहाजाचा वाटतो.

आत हात जाण्यासाठी सगळ्यात मोठ्या डेकघराखाली ३० × ६ सेंमीचे भोक ठेवा आणि त्याला १० मिमी उंच काठ लावा, घर त्यावर टोपीसारखे बसेल.

डेकवरची घरे आणि बाकीचा थाट

त्या काळच्या यॉटवरचे लाकूडकाम सागवानाचे, बरेचसे ब्रह्मदेशातले. तरी मॉडेलमध्ये सागवान वापरू नये, कारण १:३२ ला त्याचे रेषे फार मोठे दिसतात. हळदू किंवा बारीक रेषांचे महोगनी व्हीनिअर घ्या आणि हलका रंग द्या. भिंत १ मिमी प्लायची, त्यावर व्हीनिअरच्या चौकटी, खिडक्यांना अर्धा मिमी पारदर्शक पत्रा. वार्निश सॅटिन. चकचकीत वार्निश लहान वस्तूला खेळण्यासारखे करते.

अंगावरच्या गोल खिडक्या साधारण ८ मिमीच्या. त्यांची ओळ बहुधा पाणरेषेला नाही, शीयरला धरून जाते. आराखडा पाहून पट्टी चिकटवा आणि तिच्यावर भोके मारा. कठड्याच्या खांबांची उंची ३२ मिमी, अंतर ३८ मिमी. ६५ लागतील, ८० घ्या. पितळी पट्टीत भोके पाडून साचा केला की सगळ्यांची उंची एक येते.

धुराडे सुमारे ३८-४० मिमी व्यासाचे, १४ सेंमी उंच. पितळी नळीचे केले तर १२० ग्रॅम, जाड कार्डाला इपॉक्सी पाजून केले तर १५-२० ग्रॅम. पाणरेषेच्या वर २५ सेंमीवर १०० ग्रॅम वजन वाढले तर ते तोलायला ५ सेंमी खालच्या शिशात ५०० ग्रॅम घालावे लागतात. विजेच्या मॉडेलला कार्डच. वाफेच्या मॉडेलला धातू लागतो, पण दुहेरी भिंतीचा, नाहीतर रंग जळतो.

डोलकाठ्या सरळ रेषांच्या लाकडाच्या, डेकपाशी ८.५ मिमी, टोकाला ४.५. काठी ड्रिलमध्ये धरून फिरवत पॉलिश पेपरने निमुळती करा. धुराडे आणि दोन्ही डोलकाठ्या मागे कललेल्या असतात, आणि बहुतेक यॉटवर मागची काठी पुढचीपेक्षा किंचित जास्त. तिन्ही कोन आराखड्यावरून जाड पुठ्ठ्यात कापून घ्या आणि चिकटवताना पुठ्ठा टेकवून ठेवा. डोळ्याच्या अंदाजाने केले की हमखास चुकते, आणि हा दोष लांबूनही दिसतो. काठ्या डेकमध्ये चिकटवू नका, नळीत बसवा. रिक्षात वा गाडीत न्यायचे आहे.

रंग

प्रायमर, ४०० आणि ६०० चा वॉटर पेपर, मग पातळ हात तीन. पांढरा घेतला तर त्यात पिवळ्याचा एखादा थेंब टाका, शुद्ध पांढरा फार बोचतो. पाणरेषा मारायला मॉडेल सपाट टेबलावर समतोल ठेवा, ठोकळ्यावर पेन्सिल बांधा आणि ठोकळा टेबलावरून सरकवत फिरवा. काउंटरखाली ही रेष विचित्र वळते. तसेच असते, हाताने सरळ करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारू नका, दमट हवेने पांढरे डाग पडतात.

टबातली परीक्षा

शिसे आधी चिकटवायचे नाही. मासेमारीच्या जाळ्याचे शिसे किंवा टायरवाल्याकडची चाकाची वजने छोट्या प्लास्टिक पिशव्यांत भरा. शिसे घरी वितळवू नका आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा. मॉडेल पाण्यात सोडा, बॅटरीसकट सगळे आत ठेवा, पिशव्या कण्यालगत सरकवत पाणरेषा सगळीकडे बरोबर आणा. नाळ थोडी बुडत असेल तर आधी बॅटरी मागे घ्या.

मग मॉडेल १० अंश कलवून सोडा आणि १० पूर्ण हेलकावे मोजा. ९ ते १० सेकंद लागले तर छान. १३ च्या वर गेले तर डोलणे संथ आणि देखणे दिसेल, पण मॉडेल वर जड आहे. वाऱ्याच्या एका झोताने आडवे होईल. अशा वेळी शिसे वाढवण्याआधी वरचे काय हलके करता येईल ते पाहा. ६-७ सेकंदांतच झाले तर मॉडेल झटके देत डोलेल, तेव्हा थोडे शिसे वर उचला. समाधान झाल्यावर पिशव्या काढा, जागा खुणा करून शिसे इपॉक्सीत बसवा आणि वरून पुन्हा इपॉक्सीने झाका.

तळ्यावर

परवानगी घेऊन, सकाळी, वारा पडलेला असताना. २ सेंमीची लहर तुमच्या यॉटसाठी ६४ सेंमीची लाट आहे. जलपर्णी असलेले तळे टाळाच. पंख्याला तिची मुळे गुंडाळली तर मॉडेल मधोमध अडकून राहते. समुद्राच्या पाण्यात मॉडेल किंचित वर तरंगते, पण पितळ आणि मोटर फार दिवस टिकत नाही.

आधी ट्रान्समीटर सुरू, मग मॉडेल; बंद करताना उलट. पहिली ५ मिनिटे काठाजवळच. सुकाणू ३५ अंशांपेक्षा जास्त वळवू नका, लांब अंग वळायला मुळातच मोठा फेर घेते, साधारण ५-६ मीटर लागतील असे धरून चाला. मग बाहेर काढून डेकघर उचला आणि आत बोट फिरवा. चमचाभर पाणी असेल तर बहुधा शाफ्टच्या नळीतून आले असते: ग्रीस भरा. त्याहून जास्त असेल तर डेकघराखालचा काठ किंवा सुकाणूची नळी तपासा. घरी आल्यावर डेकघर काढलेलेच ठेवून मॉडेल रात्रभर सुकू द्या, सकाळी पुन्हा वजन करा आणि वहीत तारखेसह लिहा. तो आकडा दोन-तीन फेऱ्यांनंतर वाढत गेला तर लाकडात कुठून तरी पाणी शिरते आहे.